निळ्या कुरडयांचा फाल्गुन

होळी जवळ आली की आमच्या घरात दोन वास एकदम सुटतात. एक भिजवलेल्या गव्हाचा. आंबूस, जिभेच्या मुळाशी पाणी आणणारा. दुसरा परीक्षेचा. परीक्षेला कसला आलाय वास, असं आमचे चिरंजीव म्हणतात. त्यांना नाही कळायचं. फ्रीजचं दार उघडतं आणि काहीच न घेता बंद होतं, बाथरूममधला नळ वाहत राहतो, पंखा कुणीतरी सारखा कमीजास्त करतं, आणि माझी नात ध्रुवी चालता चालता थांबून भिंतीशी बोलायला लागते. तेव्हा समजायचं, आला.

ध्रुवी यंदा बारावीला, सायन्सला. भिंतीला ती सध्या जीवरेणू शिकवते आहे. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं. भिंतीला अजून काही येत नाही, मला मात्र थोडं थोडं यायला लागलंय, कारण मी दर पाच मिनिटांनी तिच्या खोलीत जाते. कधी पाणी द्यायला, कधी पाण्याचा पेला परत आणायला, कधी पडदा ओढायला, कधी ओढलेला सरकवायला.

"बा, एक जग्याए बेस ने!" ती ओरडते. एका जागी बस म्हणे. घरात मराठी, शाळेत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, आणि रागवायचं झालं की तिन्ही. मला ती आजी म्हणत नाही, बा म्हणते. चालायचंच. सुरतेत जन्मलेलं पोर आहे.

पण एका जागी बसायचं कसं, हे मला या वयापर्यंत कुणी शिकवलेलं नाही. फाल्गुनात तर नाहीच. हवा धड थंड नाही, धड गरम नाही. सकाळी अंगावर घ्यावंसं वाटतं, अकराला पदर नकोसा होतो. बमरोलीच्या या चौथ्या मजल्यावर वारा इकडच्या खिडकीतून येतो, तिकडच्या दारावर आपटतो आणि काहीतरी विसरल्यासारखा परत फिरतो. तसंच माझं. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून गव्हाच्या पातेल्याशी. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, झाकण ठेवायचं. आणि ध्रुवीच्या खोलीतून शब्द येतो, "स्टार्च... आयोडीन... निळा-काळा रंग."

बस. मग मला कोण धरणार? मी निघाले उधन्याला. आताच्या नव्हे, त्या वेळच्या.

त्या फाल्गुनात मी लग्न होऊन नवी नवी सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत आले होते. अमळनेरकडच्या एका खेड्यातली, दोन वेण्यांची, बारावीच्या रसायनशास्त्रात नापास झालेली, आणि तरीसुद्धा केवढी शहाणी! आज ती पोरगी जिन्यात भेटली तर मी तिला आधी एक पाट देईन बसायला आणि मग कान धरीन. चाळीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांची खटखट. दिवसरात्र. बाकीच्या बायका त्या आवाजात झोपत, पोरं निजवत, गप्पा मारत. मी त्या आवाजात पाठांतर करायची. कर्बो-दके, प्रथि-ने, कर्बो-दके, प्रथि-ने. मागानं वेग घेतला की माझीही घोकंपट्टी पळायची आणि मेद वाटेतच सांडायचे.

नुसतं घोकलं असतं तरी ठीक होतं. बाईसाहेब शिकवायच्यासुद्धा! समोरच्या खोलीत पारोळ्याच्या मामी राहायच्या. चाळीतले शकुन-अपशकुन त्यांच्या ताब्यात. त्यांना मी एकदा सांगितलं, मामी, पोळीचा घास खूप वेळ चावा, गोड लागेल. लाळेत विकर असतं, ते स्टार्चची साखर करतं. मामींनी खरंच घास तोंडात घेतला. चावताहेत, चावताहेत. सगळ्या बायका त्यांच्या जबड्याकडे बघत बसल्या. शेवटी मामींनी गिळलं आणि म्हणाल्या, "गोड-बीड काही नही लागनं व माय. दात मातर दुखाले लागनात."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुम्ही पोळीला चटणी लावली होती ना, म्हणून." प्रयोग फसला की दोष चटणीचा. मी मोठी शास्त्रज्ञ!

खरी गोष्ट अशी होती की त्या शास्त्रज्ञ बाईंनी काहीही पाहिलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती, कपाटं होती, कपाटांना कुलपं होती. आयोडीनची बाटलीही होती, फक्त आयोडीन नव्हतं. सर म्हणाले, स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळा-काळा रंग येतो, आला असं समजा. आम्ही समजलो. सगळ्या वर्गाला एकाच वेळी, न दिसणारा, एकसारखा निळा रंग आला. तो रंग माझ्या डोक्यात खड्यासारखा राहून गेला. कसला असेल? शाईसारखा? जांभळाच्या डागासारखा? निळकंठाच्या पंखासारखा? लग्नात हळद लागत होती तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं होतं, हळदीत चुना मिसळला की लाल होते हे मी पाहिलंय, स्टार्चचं काही पाहिलं नाही.

वडिलांनी लग्नाआधीच माझा फॉर्म पुन्हा भरून ठेवला होता. तेवढा एक पेपर द्यायचा, रसायनाचा, अमळनेरला जाऊन. माझ्या सासूबाईंना, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, हे लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे हो, की माशी उडवणं, हे फाल्गुनापर्यंत कळत नव्हतं. तेवढ्यात माझ्या नणंदेचं, शोभाचं, लग्न ठरलं. चैत्रात. म्हणजे रुखवत आलं, आणि खानदेशी घरातलं रुखवत म्हणजे कुरडया आल्या. डोंगरभर. त्यात आत्याबाई पाणी भरताना घसरल्या आणि उजवं मनगट सुजलं. घट्ट चिकाचा सोऱ्या दाबायला मनगट लागतं. घरात दुसरं मनगट माझंच.

आत्याबाईंनी गहू भिजत घातला आणि मला समोर बसवलं. फार बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "कुरडया चांगल्या व्हयन्यात त जाय पेपरले. बिघडन्यात त दुसरा गहू भिजाडू, मंग तू कोठेच जाऊ नको."

झालं. चांगल्या झाल्या तर गाडी, बिघडल्या तर चूल. माझं सगळं रसायनशास्त्र एका पातेल्यात आलं. कुरडया सकाळी, आणि गाडी दुसऱ्या दिवशीची. पिशवीही मी भरून ठेवली होती.

या कुरडईत काय काय आहे, हे आज ध्रुवीच्या भिंतीमुळे मला नीट उमजतं. गहू भिजतो, रोज पाणी बदलायचं, तो फुगतो, आंबतो, पोटातलं सोडायला तयार होतो. मग वाटायचा, फडक्यातून पिळायचा. पांढरं दूध खाली बसतं तो चीक. म्हणजे स्टार्च, साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. फडक्यात जो रबरासारखा चिवट लगदा राहतो त्यात प्रथिन, आणि सालपट म्हणजे सेल्युलोज. गंमत बघा, सेल्युलोजही त्याच मण्यांची माळ. मणी तेच, फक्त एकमेकांना जोडताना उलटसुलट धरलेले. एवढ्याशा फरकानं चीक आपल्याला पचतो आणि कोंडा गाईला. माझ्या माहेरी कुरडया धोतरावर घालत, आणि वाळल्या की सोडवताना निम्म्या मोडत, कारण धोतर कापसाचं, कापूस म्हणजे सेल्युलोज, नात्यातलं नात्याला धरून बसतं. सुरतेला आल्यावर बघते तर बायका कुरडया पॉलिस्टर साड्यांच्या तुकड्यांवर घालतात. वाळल्या की तुकडा नुसता झटकायचा. टपाटप सुटतात. ना नातं ना गोतं. मी नवी सून त्या चाळीत कुठल्या कापडावर पडलेय, याचा मला अजून पत्ता नव्हता.

तर ती पहाट. अगाशीवर, गच्चीला आम्ही सुरतकर अगाशीच म्हणतो, बायका तुकडे अंथरायला गेलेल्या. आत्याबाई त्यांना जागा दाखवायला वर. खाली चुलीपाशी मी एकटी. पातेल्यात चीक रटरटतोय, ढवळून ढवळून काचेसारखा झालाय. आणि फळीवर टिंक्चर आयोडीनची बाटली. आमच्या यांच्या बोटांना मागाचा धोटा लागायचा, म्हणून ती घरात कायम असायची.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? चमचाभर चीक बशीत काढेल, गार करेल, थेंब टाकेल, बघेल आणि बशी धुऊन ठेवेल. पण शहाण्या माणसांना घाई नसते. मला होती. पावलं जिन्यावर वाजायच्या आत मला तो रंग बघायचा होता. मी सरळ पातेल्यात दोन थेंब टाकले.

काही नाही. पिवळट ठिपका उठला, ढवळला, गेला.

आणखी टाकलं. गेलं. आणखी. गेलं. चीक आपला पांढराशुभ्र, वाफा सोडतोय, माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय. माझा संताप झाला. म्हणजे पुस्तक खोटं? सर खोटे? ज्या वाक्यासाठी मी अख्खी बारावी घोकली ते वाक्यच खोटं? मी बाटली उलटी केली. निम्मी गेली असेल. तरी पांढरा. बाटली फळीवर ठेवली, हात पुसले आणि सून होऊन उभी राहिले. आत्याबाई आल्या, चीक पाहिला, म्हणाल्या, "चांगला व्हयना. वर चाल."

मी सोऱ्या दाबत होते. गरम गरम गोळा आत, आणि खाली गोल गोल उतरणारी शेवयांची फुलं. पांढरी. एक ओळ झाली, दुसरी झाली. पूर्वेला गिरण्यांच्या धुराड्यांमागं तांबडं फुटत होतं, फाल्गुनातला गार वारा अंगाशी लागत होता. मला हलकं वाटत होतं. पुस्तक खोटं निघालं तर निघालं, कुरडया चांगल्या होताहेत, उद्या मी गाडीत.

आणि मामी ओरडल्या, "हाई काय व्हयनं व माय!"

पहिली ओळ निळी होत होती. आमच्या डोळ्यांदेखत. आधी कडेनं, जशी शाई टिपकागदावर चढते तशी. मग मधोमध. काही आभाळासारख्या, काही जांभळ्या, आणि ज्यात औषध जास्त गेलं होतं त्या काळ्याकुट्ट. गार होत जाईल तशी एकेक कुरडई रंग घेत होती. दुसऱ्या ओळीला सुरुवात झाली. बायका मागे सरकल्या. शोभा रडायलाच लागली, "वहिनी, माझ्या रुखवतात काळं!"

आणि मी? सांगायला लाज नाही वाटत, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर आनंद. आला! खरंच येतो! एवढा सुंदर असतो? दुसऱ्या क्षणाला पेपर आठवला.

आत्याबाई कुरडयांकडे बघत नव्हत्या. माझ्या बोटांकडे बघत होत्या. टिंक्चर लागलेली बोटं, त्यावर चीक लागलेला, आता दहाही टोकं निळी. मग त्या बायकांकडे वळल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "मीच सांगेल व्हतं सुनले, रंग टाक म्हनीसन. बजारमा लाल-हिरव्या भेटतीस ना, तश्या."

मामी काही कच्च्या नव्हत्या. "लाल-हिरवा ठीक शे. निळा कोन टाकस व?"

"आम्ही," आत्याबाई म्हणाल्या.

एवढं बोलून त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"बोटं दखाड."

दाखवली.

"काय टाकं?"

"टिंक्चर."

"जखमले लावतस ते?"

"हो."

"मंग जखम कोनले व्हयनी? गहूले?"

मी स्टार्चबद्दल बोलायला लागले. शेवटी शेवटी मला हुंदका आला आणि स्टार्च तिथंच राहिला. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुनी गाडी गयी."

त्या दिवसाइतका लांब दिवस मी नंतर पाहिला नाही. नंतर शिजवलेल्या पातेल्यांचा चीक चांगला होता, तो घातला, पण डोंगरातला केवढा तरी भाग निळा पडला होता. नवा गहू भिजवायचाच होता. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पिशवीतून साडी काढली, घडी केली, परत ठेवली, परत काढली. शोभा माझ्याशी बोलेना. माग खटखटत होते. कर्बो-दके, प्रथि-ने. आता कशाला? आणि मध्येच पाय आपोआप जिन्याकडे. अगाशीवर जायचं, बघायचं, खाली यायचं. तो रंग डोळे भरून बघायची हावही संपत नव्हती, लाजही संपत नव्हती.

दुपारी गेले तर काळ्याची निळी झाली होती. मला वाटलं, उन्हानं डोळे दिपले. आणखी थोड्या वेळानं गेले तर निळीची आभाळी. ऊन कडक होतं, जमिनीवर पाय ठरत नव्हता, आणि कुरडया माझ्यासमोर रंग टाकत होत्या. जसा चढला तसाच, कडेनं, न बोलता. संध्याकाळी आत्याबाई वर आल्या. दोघी उभ्या. समोर ओळीच्या ओळी, पांढऱ्या. नुसता दवाखान्याचा बारीक वास.

आत्याबाईंनी डाव्या हातानं एक कुरडई उचलली. उन्हाकडे धरली. फिरवली. नवऱ्याच्या, मुलाच्या, माझ्या कुणाच्याच बाबतीत मी त्यांच्या चेहऱ्यावर तसा भाव पाहिला नव्हता. एखाद्या पोरीच्या हातातून फुलपाखरू उडालं की होतो तसा.

"तू टाकं तवय नही दिखना," त्या म्हणाल्या. "गार व्हयनं तवय दिखना. आते परत गया. मंग गरमपने हाऊ रंग कोठे दपेल व्हता?"

गरम असताना हा रंग कुठं लपला होता?

"माहीत नाही, आत्याबाई."

"तुना पुस्तकमा नही?"

"नाही."

त्यांनी कुरडई परत तिच्या जागी ठेवली. मग म्हणाल्या, "जाय. पेपर दे, नि मास्तरले इचारी ये. तू पास व्हय नही व्हय ते तू दख. माले हाई समजाले जोयजे." त्यांना हे समजायला हवं होतं.

दुसरा गहू त्यांनी भिजवला. सोऱ्या दाबायला मामींना बोलावलं आणि स्वतः सुजल्या मनगटाला फडकं बांधून डाव्या हातानं ढवळायला बसल्या. त्या निळ्या-पांढऱ्या कुरडया रुखवतात गेल्या नाहीत आणि तळल्याही नाहीत. एका डब्यात भरून आत्याबाईंनी वरच्या फळीवर ठेवून दिल्या. मी गाडीत बसले. सून परीक्षेला निघाली होती म्हणावं तर तसंही नाही. सासूनं तिला एक प्रश्न देऊन पाठवलं होतं.

मी काठावर पास झाले. पेपरात काय आलं होतं, एक अक्षर आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सुटल्यावर सरांना गाठून मी विचारलं, आणि सर घड्याळ बघत म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही."

हेच मी घरी येऊन सांगितलं. आत्याबाई सुपात धान्य पाखडत होत्या. न थांबता म्हणाल्या, "म्हंजे तुना सरलेबी माहीत नही." आणि मला वाटलं होतं विषय संपला! पुढे दर वर्षी, होळी जवळ आली, गहू भिजला, चीक रटरटायला लागला की त्या माझ्याकडे वळून विचारायच्या, "समजनं का व?" मी नाही म्हणायची. त्या मान हलवायच्या. माशी उडवल्यासारखी नव्हे. पुढे शिकायचं माझं राहिलं ते राहिलं, पोरं झाली, चाळ सुटली, पण तो प्रश्न काही कुणी रद्द केला नाही. त्या गेल्या तो महिना श्रावणाचा. त्यानंतरच्या फाल्गुनात मी चीक ढवळताना मान वर केली, कुणी विचारलं नाही, आणि हातातला ढवळायचा दांडा तसाच थांबला. तळाशी लागलं सगळं.

तर परवा, ध्रुवीच्या पेपरच्या आदल्या दिवशी, मी पाण्याचा पेला घेऊन तिच्या खोलीत गेले. ती जमिनीवर पालथी पडली होती.

"बा, काही राहतच नाही डोक्यात. सगळं वाचलं, सगळं गेलं. कुछ नहीं बचा."

"मला एक सांग," मी म्हटलं. "गरम चिकात आयोडीन टाकलं तर निळं का होत नाही?"

"बा, प्लीज. आता नको."

"पुस्तकात नाही ना?"

ती उठून बसली. या घरात 'पुस्तकात नाही ना' म्हटलं की माणसं उठून बसतात. "आहे ना! म्हणजे इतकं नाही, पण सर बोलले होते. बघ, स्टार्चची साखळी सरळ नसते. अशी गोल गोल वळते, स्प्रिंगसारखी. आतून पोकळ. त्या पोकळीत आयोडीन ओळीत जाऊन बसतं. बसलं की रंग दिसतो. गरम केलं की ते वळण सैल पडतं, आयोडीन बाहेर निघतं. रंग गायब. थंड झालं की साखळी परत वळते, ते परत आत."

"म्हणजे जरी," मी म्हटलं.

"शुं?"

"जरी गं. मधे धागा, त्याच्याभोवती चपटी तार गुंडाळायची. आपल्या चाळीत घरोघरी ते काम चालायचं. तार सुटी पडली असेल तर नुसती तार आणि नुसता धागा. घट्ट वळली की झळाळते."

ध्रुवीनं वेणी बोटाभोवती गुंडाळून पाहिली. "हां. एक्झॅक्टली. जरी." आणि मग, निळ्या कुरडयांची गोष्ट तिची लहानपणापासून ऐकलेली, "मग उन्हात रंग का गेला ते पण विचार ना."

"का गेला?"

"आयोडीन उडून गेलं हवेत. साखळी काय करणार? आतमध्ये बसायला कुणी नाही राहिलं."

मला तिथून उठून जावं लागलं. फ्रीज उघडला, काही घेतलं नाही, बंद केला.

एवढंच होतं तर! रंग कुठं लपला नव्हता. तो पातेल्यात होता, साखळीही पातेल्यात होती, पण त्या उकळण्यात कुणालाच कुणाला धरता येत नव्हतं. आणि मी वरून ओततेय, ओततेय. ती पोरगी, दोन वेण्यांची, चुलीपुढं घामानं थबथबलेली, थोडी थांबली असती तर... पण थांबली असती तर पातेलंभर निळं झालं नसतं, आत्याबाईंनी विचारलं नसतं, आणि मी पास होऊनही रिकामीच परत आले असते. हे असलं तत्त्वज्ञान मला फार वेळ पेलत नाही. गहू वाटायचा होता.

पेपरच्या दिवशी पहाटे मी लहानसं पातेलं ठेवलं. आमच्या सोसायटीच्या अगाशीवर हल्ली सौर पॅनेलं बसली आहेत, कुरडयांसाठी त्यांच्यामधली एक पट्टी उरलीय, तेवढीच घालते. मेडिकलमधून जखमेचं तपकिरी, आयोडीनचं औषध आणून ठेवलं होतं. ध्रुवी प्लास्टिकच्या पारदर्शक पाऊचमध्ये पेनं घालून दारात उभी. डोळे सुजलेले, एक वेणी सुटलेली.

"बे टीपां, बा," ती बजावून म्हणाली. "बस, बे टीपां. दोनच थेंब. आणि रंग आला की मला सांग."

"पेपरात कसं सांगू?"

"बाहेर आले की."

गरम चीक मी स्टीलच्या डब्यात काढला, औषध घातलं, झाकण लावलं, आणि डबा पिशवीत घालून तिच्याबरोबर निघाले. चिरंजीव म्हणाले, आई, तू कशाला येतेस? मी म्हटलं, घरी बसून काय करू?

शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही सगळे. कुणी माळ ओढतंय, कुणी फोन, कुणी उगाच झाडाभोवती फिरतंय. ऊन चढत होतं. मी डबा मांडीवर घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी राहवेना. झाकण उघडलं.

शेजारची बाई डोकावली. "मासी, आ शुं छे?"

"कुरडईचा चीक."

"आवो रंग?" असा रंग, म्हणून तिनं भुवया वर केल्या. "आवो कोण नाखे?" असा कोण टाकतं?

"आम्ही," मी म्हटलं.

घंटा झाली. पोरं सांडल्यासारखी बाहेर आली. ध्रुवी शेवटी शेवटी आली, चालत, पाऊच हलवत. पेपर कसा गेला हे मी विचारणार नव्हते. ओठ दाताखाली धरून ठेवले होते. तिचा सरळ पिशवीकडे हात.

"आला?"

मी डबा पुढे केला. तिनं आत पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. दहाही टोकं.

"बा! हा तर काळाकुट्ट आहे. किती ओतलंस?"

"अगं, पहिले दोन थेंब दिसेचनात."